आतल्याला शब्द विचारत नाहीत

१

मास्तरांनी आयुष्यात एकाही शाळेत शिकवलं नव्हतं. कारखान्यात त्यांना मास्तर म्हणत, कारण ‘प्रिंटर का चालत नाही’ एवढं विचारलं तरी ते कागद कसा बनतो तिथपासून सुरुवात करत. चष्म्याची भिंगं घासून देणारा तो कारखाना. खाली घासणीची यंत्रं, वर पॉलिशची खोली, आणि जिन्याखालच्या तिरक्या छताच्या खोलीत मास्तर आणि त्यांचे संगणक. उठताना मान वाकवायची त्यांना इतकी सवय झाली होती की मोकळ्या आभाळाखाली बाकावरून उठतानाही ते मान वाकवत. संगणक ते कुठे शिकले नव्हते. ठेचा खात, एकेक बटण दाबून बघत, काय केलं आणि काय झालं ते रोजच्या रोज लिहून ठेवत शिकले होते.

गेले काही आठवडे एकच दुखणं चालू होतं. चष्म्याच्या दुकानांकडून ऑर्डरी येत. प्रत्येक ऑर्डरीसाठी भिंगाचा हिशेब करणारा प्रोग्राम चालवावा लागे. तो प्रोग्राम इथे नव्हता, दुसऱ्या गावी हेड ऑफिसच्या सर्व्हरवर होता. ऑर्डर आली की तो आपोआप चालू व्हावा म्हणून मास्तरांनी एक सर्व्हिस बसवली होती. सर्व्हिस म्हणजे पडद्यामागे काम करणारा गडी. तिला खिडकी नसते, चित्र नसतं. संगणकावर कोणी बसलेलं असो वा नसो, ती आपली चालू. इथल्या मशीनवरचा कुठलाही प्रोग्राम ती चुटकीसरशी चालवी. नेटवर्कपलीकडचा मात्र काही केल्या नाही. ‘सापडत नाही’, एवढंच उत्तर. आणि तोच प्रोग्राम मास्तरांनी स्वतःच्या हाताने उघडला की शहाण्या मुलासारखा उघडे.

त्यामुळे रोज शेवटची ऑर्डर येईपर्यंत मास्तर खुर्चीला खिळून. ऑर्डर आली, उघडा, आली, उघडा. घरी जायला उशीर होई, आणि तोच त्यांच्या जिवाला घोर होता.

घरी अप्पा होते, मास्तरांचे वडील. काचबिंदूने त्यांचे डोळे नेले होते. उजेड कुठे आहे आणि काळोख कुठे, एवढंच आता कळे. ते एवढंसुद्धा टिकवायचं तर दिवेलागणीला थेंब पडलेच पाहिजेत, चुकवून चालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मास्तरांचं लग्न राहून गेलेलं, घरात तिसरं माणूस नाही. ताईने, म्हणजे थोरल्या बहिणीने, फोनवर सरळ सांगितलं होतं, “बंड्या, तुला जमत नसेल तर तसं म्हण. रविवारी मी गाडी घेऊन येते आणि अप्पांना घेऊन जाते. भिंगं घासून जगाला दृष्टी देतोस, आणि घरातल्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत दोन थेंब घालायला तुला सवड नाही.”

अप्पा गेले तर घरात बोलायला भिंती उरणार होत्या.

२

पहिलं कारण सबंध दुपार घालवल्यावर सापडलं. हेड ऑफिसच्या सर्व्हरला मास्तरांनी आपल्या सोयीसाठी एक अक्षर दिलं होतं, ‘एम’. पण ते अक्षर त्यांच्या लॉगिनपुरतं होतं. त्यांनी लॉगिन केलं की ‘एम’ असे; सर्व्हिसच्या जगात ‘एम’ नावाचं काही नव्हतंच. शेजाऱ्याने आपल्या बैलाला काय नाव ठेवलंय ते आपल्याला कसं कळणार, तसलं. त्यांनी अक्षर काढून सर्व्हरचा पूर्ण पत्ता घातला.

आता सर्व्हिसला दार सापडलं, पण आत घेईनात. ‘परवानगी नाही.’ कारण उघड होतं. या मशीनवर सर्व्हिस म्हणजे राजा, सगळे अधिकार हातात. पण मशीनबाहेर पाऊल टाकलं की तिला कोणी ओळखत नव्हतं. तिला नावच नव्हतं.

रीतसर नाव मागायचं तर हेड ऑफिसला अर्ज, मग त्यावर सह्या, मग स्मरणपत्रं. रविवार तर उंबऱ्यावर आलेला. मग मास्तरांनी तेच केलं जे या धंद्यात घाईला आलेला जो तो करतो. सर्व्हिसला त्यांनी स्वतःचं नाव दिलं. ‘कोणाच्या नावाने चालवायची?’ या रकान्यात स्वतःचं लॉगिन, खाली स्वतःचा पासवर्ड.

पॉलिशवाल्या मावशी तेव्हा दारात उभ्या होत्या, चहाचा कप हातात. काय करताय म्हणून त्यांनी विचारलं, आणि मास्तरांनी, अर्थातच, पहिल्यापासून सांगितलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे तुम्ही घरी गेलात तरी ते तुमच्या नावाने काम करत बसणार?”

“हो. पलीकडच्याला वाटेल मीच आहे.”

“आम्ही जुळ्या बहिणी,” मावशी म्हणाल्या. “शाळेत तिच्या नावाने मी बसायची, माझ्या नावाने ती. मॅट्रिक आमच्यातलं नक्की कोण पास झालं, ते आम्हा दोघींनाही ठाऊक नाही. जपून, मास्तर.”

मास्तर हसले आणि बटण दाबलं. पुढच्याच ऑर्डरीला, त्यांनी हात न लावता, प्रोग्राम चालला. बाहेर घासणीच्या यंत्राने सूर धरला. मास्तर खुर्चीत मागे टेकले. अंगातून काहीतरी उतरून गेल्यासारखं त्यांना हलकं वाटलं.

पण रिकामे हात साहेबांना कुठले बघवतात? मॅनेजरांनी त्याच दिवशी त्यांच्या गळ्यात गोदामातल्या काचांची मोजदाद बांधली. घरी निघायला नेहमीइतकाच उशीर झाला.

३

अप्पा सगळी हयात एका मोठ्या गोदामावर पहारेकरी होते. डोळे गेले तरी पहारा गेला नव्हता. मास्तर कामावर निघाले की अप्पा आतून कडी लावून साखळी अडकवत, आणि मग किल्ली असो नसो, शब्द सांगितल्याशिवाय कोणालाही दार उघडत नसत. शब्द रोज सकाळी दोघांनी ठरवायचा. एखाद्या दिवशी ‘कात्री’, एखाद्या दिवशी ‘पाणघोडा’. संध्याकाळी आतून विचारणा होई, “कोण?” आणि मास्तर जिन्यात उभे राहून शब्द सांगत. एवढा सरळमार्गी माणूस रोज तिन्हीसांजेला आपल्याच दारात प्राण्यांची नावं का घेतो, हे शेजाऱ्यांना कोडं होतं.

अप्पांचा आणखी एक नियम होता, गोदामावरचाच. एक शब्द, एक प्रवेश. एकदा वापरलेला शब्द त्या दिवशी पुन्हा चालायचा नाही. “आत आलेल्याला शब्द विचारत नाहीत, बाहेरच्याला विचारतात,” ते म्हणत. “आणि तोच शब्द घेऊन दुसरा आला, तर समजावं, दोघांतला एक चोर आहे.” एकदा मास्तर घरी येऊन पुन्हा दूध आणायला उतरले, तर परतल्यावर अप्पांनी त्यांना ताईचा फोन येईपर्यंत बाहेर उभं केलं होतं. दूध नासलं होतं.

तर त्या संध्याकाळी मास्तर जिना चढले. पावलांची चाहूल लागली की जिन्यातला दिवा आपोआप लागे, तसा लागला. दारावर टकटक करायला हात उचलला आणि ढकलल्यासारखं झालं. दार उघडंच होतं. कडी नाही, साखळी नाही.

“अप्पा?”

“आलास? एवढ्यात?” अप्पा आपल्या खोलीत पलंगावर बसून होते. “दार लोटून घे.”

“कडी का लावली नाहीत?”

“खाली जाऊन येतो म्हणालास ना आत्ता. म्हणून लावली नाही. परत शब्दाची भानगड नको.”

मास्तर चपला काढता काढता थांबले. ते आत्ताच येत होते. तसं त्यांनी सांगितलं. अप्पा हसले. म्हातारपणी मी विसरायचं की तू, असं काहीतरी म्हणाले. थेंबांची बाटली उशाशी होती. टोपण नीट लावलेलं, खाली रुमालाची घडी. अप्पांच्या डोळ्यांच्या कडा अजून ओल्या होत्या.

“आज एकही थेंब गालावर पडला नाही,” अप्पा म्हणाले. “हात स्थिरावला रे तुझा.”

मास्तरांचा हात थरथरे. थेंब घालताना निम्मं औषध अप्पांच्या गालावरून कानात जाई. त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली. अप्पांनीच चाचपडत घातले असतील, त्यांनी स्वतःला सांगितलं. किंवा खालच्या मजल्यावरच्या बाई येऊन गेल्या असतील. आवाजाचा घोटाळा या वयात होतोच. कारणं एकापाठोपाठ एक सुचत गेली, आणि प्रत्येक कारण आधीच्याहून किंचित पातळ होतं.

खोलीच्या कोपऱ्यात टेबलावर त्यांचा जुना लॅपटॉप होता. सुट्टीच्या दिवशी घरून काम करता यावं म्हणून तो कारखान्याच्या नेटवर्कला कायमचा जोडलेला असे. अप्पांना त्याच्या पंख्याची घरघर आवडे. घरात कोणी आहेसं वाटतं, म्हणत. तो पंखा आता जोरात फिरत होता. मास्तरांनी पडदा उघडला. काहीच चालू नव्हतं. झाकणावर हात ठेवला तर ते बसून उठलेल्या खुर्चीसारखं गरम होतं.

४

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. दार उघडं, थेंब पडलेले, आणि मास्तर नुकतेच ‘खाली जाऊन आलेले’.

आता खरं सांगायचं तर मास्तरांनी त्याच वेळी उठून काहीतरी करायला हवं होतं. पण रविवार आला आणि गाडी आली नाही. ताईचा फोन आला. आवाज निवळलेला होता. या आठवड्यात दोन संध्याकाळी फोन केला, दोन्ही वेळा तूच उचललास, घरीच होतास, असं ती म्हणाली. अजून आठवडाभर बघते आणि मग काय ते ठरवते. मास्तरांनी फोन कानाला लावून ते सगळं ऐकलं, आणि ‘बरं’ म्हणाले. त्या दोन्ही संध्याकाळी ते गोदामात काचा मोजत होते.

बरं म्हटल्यावर पुढचं सोपं झालं. कारखान्यात सर्व्हिस गुण्यागोविंदाने चालली होती. इतकी, की मॅनेजरांनी कौतुकाने हेड ऑफिसला सांगितलं, आणि त्यांनी ती जशीच्या तशी उचलून, मास्तरांच्या नावासकट, आपल्याकडच्या मोठ्या सर्व्हरवर नेऊन ठेवली. घरी अप्पांच्या तोंडावर तुकतुकी आली होती. ते दोन घास जास्त खात. कोणी विचारणारं नसलं की माणूस आयत्या सुखाचा हिशेब मागत नाही. मास्तर रोज आपल्या वहीत सगळं लिहीत. हे मात्र त्यांनी एकाही पानावर लिहिलं नाही.

फक्त झोप उडाली. कारखान्यातून निघताना पाय घाईने पडत आणि घराच्या कोपऱ्यावर आले की आपोआप मंदावत. मास्तर डावा पाय किंचित घासत चालत. त्या आवाजावरून अप्पा त्यांना ओळखत. आता जिना चढताना ते मध्येच थांबून ऐकत, वरूनही कोणी पाय घासत उतरतंय का. कोणी उतरत नसे. त्यांना जिन्यात कधीच कोणी भेटलं नाही.

एकदा जेवताना अप्पा म्हणाले, “कालची गोष्ट अर्धी राहिली बघ.”

“कोणती?”

“गोदामाला आग लागली ती. तूच विचारत होतास ना, मग पुढे काय झालं म्हणून? जन्मात कधी विचारलं नाहीस. हल्ली बसतोस, ऐकतोस, मला बरं वाटतं रे.” अप्पांनी हात पुढे करून मास्तरांचं मनगट धरलं, चाचपलं आणि जरा वेळाने सोडून दिलं. “आज घाईत आहेस तू. आज तुझा हात पुन्हा कापतोय.”

मास्तरांचा घास तसाच राहिला. आगीची गोष्ट त्यांना ठाऊकच नव्हती. शेजारच्या खोलीत पंखा घरघरत होता, कोणीतरी कान देऊन ऐकत असावं तसा, एका लयीत.

ताट बाजूला सारून ते अप्पांवर चिडले. इतक्या दिवसांचं सगळं त्या कडीवर निघालं. दार उघडं ठेवायचं म्हणजे काय? उद्या कोणीही आत शिरेल. उद्यापासून मी आत आलो की माझ्या मागे लगेच कडी लावायची. साखळीसुद्धा.

“तूच म्हणतोस खाली जाऊन येतो...”

“मी काहीही म्हणू दे. एकदा आत आलो की सकाळपर्यंत मला बाहेर सोडायचं नाही. कळलं?”

अप्पांनी मान डोलावली. पहारेकऱ्याला हुकूम कळतो.

५

सकाळी शब्द ठरला, ‘उंट’. अप्पांनीच सुचवला.

दिवसभर मास्तरांचं मन थाऱ्यावर नव्हतं. दिवस मावळतीला आल्यावर, वर पॉलिशची चाकं फिरत असताना, त्यांच्या संगणकावर एक सूचना आली. तिच्याबद्दल त्यांनी आजवर फक्त वाचलं होतं, ती पाहिली नव्हती. पडद्यामागे चालणाऱ्या एका प्रोग्रामला तुम्हाला काही दाखवायचं आहे, असा तिचा मजकूर होता. खाली दोन बटणं. ‘नंतर विचारा’ आणि ‘पाहा’.

सर्व्हिसला दाखवण्यासारखं काही नसतं, हे मास्तरांना ठाऊक होतं. तिच्यासाठी एक वेगळा पडदा असतो खरा, पण त्याच्यासमोर बसायला खुर्ची नसते. तिथे उघडलेली खिडकी कोणालाच दिसत नाही. शिवाय ही सर्व्हिस आता इथे नव्हतीच, हेड ऑफिसमध्ये होती.

त्यांनी ‘पाहा’ दाबलं.

त्यांचा नेहमीचा पडदा, त्यावरची चिन्हं, सगळं नाहीसं झालं. मागे राखाडी रंगाचं एक रिकामं मैदान उरलं आणि त्याच्या मधोमध काड्यापेटीएवढी खिडकी. मास्तर पुढे वाकले. खिडकीत एक खोली होती. पलंग, उशी, भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ. कोपऱ्यातल्या टेबलावरून दिसावं तसं. पलंगावर अप्पा, मान मागे टाकून, चेहरा छताकडे. ओठ हलत होते. आवाज नव्हता. काहीतरी सांगता सांगता ते हसले, समोरच्याची दाद मिळाली की हसतात तसे, आणि मग डोळे मोठे उघडून निश्चल राहिले.

वरून एक थेंब पडला. बरोबर डोळ्यात. मग दुसऱ्या डोळ्यात.

बाटली धरणारा हात चित्राच्या बाहेर होता.

मास्तरांनी मशीनची वायर भिंतीतून उपटली. पडदा काळा झाला. पण बाहेर घासणीचं यंत्र थांबलं नाही. नवी ऑर्डर आली होती आणि तिचा हिशेब कुठूनतरी येऊन पोचला होता. त्यांनी हेड ऑफिसला फोन लावला. तिथल्या इंजिनिअरला, जमेल तितक्या शांतपणे, ती सर्व्हिस बंद करायला सांगितली.

“का हो? चालतंय ना? मग चालत्या गाड्याला खीळ कशाला?”

“माझ्या नावाने चाललीय. बंद करा.”

पलीकडे बटणांचा आवाज आला. “थांबव म्हटलंय. ‘थांबवत आहे’ असं दाखवतंय. दाखवतंयच अजून.” थोडा वेळ गेला. “मास्तर, तुम्ही असं करा, तुमचा पासवर्ड बदला. म्हणजे तिचा जुना चालणार नाही.”

मास्तरांनी वर पॉलिशच्या खोलीतल्या संगणकावर बसून पासवर्ड बदलला. बोटं तीन वेळा घसरली. फोन कानाशीच होता.

“बदलला. थांबली?”

“नाही,” इंजिनिअर म्हणाला. “अहो, बरोबर आहे. माझंच चुकलं. ती आधीच आत आहे. आत गेलेल्याला पासवर्ड पुन्हा विचारत नाहीत. आणि बंद होतच नाहीये म्हटल्यावर...” तो बोलता बोलता थांबला. “तुम्ही बाहेरून बोलताय का? इथे तुम्ही आत दिसताय. बराच वेळ.”

मास्तरांनी नव्या पासवर्डने लॉगिन करून पाहिलं. पडद्यावर आलं, ‘हे खातं कुलूपबंद आहे.’ पुन्हा केलं. पुन्हा तेच.

मावशी मागे उभ्या होत्या. मास्तर जिन्याकडे धावले तेव्हा एवढंच म्हणाल्या, “चप्पल तरी घाला.”

६

रस्त्यावर दुकानांचे दिवे लागायला सुरुवात झाली होती. मास्तर धावत होते, दम लागला की भराभर चालत होते, आणि चालता चालता घरचा फोन लावत होते. घरचा फोन गुंतलेला. पुन्हा लावला. गुंतलेला. डोक्यात नुसती कारणं. खिडकीतलं चित्र जुनं असेल, केव्हातरी आपणच थेंब घालतानाचं. पण आपला थेंब कधी असा पडला होता?

सिग्नलपाशी फोन वाजला. ताई होती.

“बंड्या, पुन्हा फोन केला रे, मघाशी एक सांगायचं राहिलं.”

“मघाशी?”

“आत्ताच ठेवला ना आपण फोन? अरे, रस्त्यावर आहेस की काय? गाड्यांचा आवाज येतोय.” तिला उत्तराची घाई नव्हती. ती खुशीत होती. “ते राहू दे. मी काय म्हणत होते, तू जे बोललास ना, ते मला पटलं. अप्पांना मी नेत नाही. तुझ्यापाशीच राहू देत. इतकं मनापासून तू कधी बोलला नव्हतास माझ्याशी. मी रडले बघ फोन ठेवून.”

“ताई, ऐक. तो मी...”

आवाज तुटला. मास्तरांनी फोन डोळ्यांसमोर धरला. कारखान्याने दिलेला तो फोन त्यांच्या लॉगिनवर चाले. पडद्यावर पासवर्डचा रकाना आला होता, आणि त्याच्या खाली लहान अक्षरांत खातं कुलूपबंद असल्याचं.

७

जिन्याचा दिवा लागायला आज जरा वेळ लागला. मास्तर अर्धा मजला अंधारात चढले तेव्हा कुठे तो लागला.

दार बंद होतं. त्यांनी ढकललं. किल्ली फिरवली, पुन्हा ढकललं. कडी होती. हुकुमाप्रमाणे. मास्तरांनी टकटक केली.

“कोण?”

“मी, अप्पा.”

“शब्द?”

“उंट.”

मग अप्पांचा आवाज आला. हा आवाज मास्तरांनी लहानपणी ऐकला होता, डबा घेऊन गोदामाच्या फाटकाशी गेले की परक्या माणसांवर पडताना.

“उंट मघाशीच आत आला.”

“अप्पा, मीच आहे. मी बंडू. कडी काढा.”

“माझा मुलगा घरात आहे,” अप्पा म्हणाले. “कोण आहात तुम्ही?”

मास्तरांना आदल्या दिवशीचा शब्द आठवला, तो सांगितला. त्याच्या आदल्या दिवशीचा सांगितला. मग आईचं नाव सांगितलं, गोदामाच्या फाटकाचा रंग सांगितला, नासलेल्या दुधाची आठवण दिली. त्यांचाच आवाज जिन्यात घुमून चमत्कारिक होत होता, कोणीतरी त्यांची नक्कल करावी तसा. आग, त्यांच्या मनात आलं. गोदामाची आग सांगावी. पण आगीचं पुढे काय झालं, ते त्यांना माहीत नव्हतं.

“बघ रे,” अप्पा आत कोणालातरी म्हणाले. “सगळं खडान् खडा पाठ करून आलाय.”

फरशीवर पावलं वाजली. सावकाश. डावा पाय किंचित घासत.

कडी निघाली. दार साखळीपुरतं उघडलं आणि आतून पंख्याची घरघर बाहेर आली. साखळीवर एक हात होता. बाही ओळखीची होती. मनगटावर घासणीच्या यंत्राने पोळलेला जुना डाग होता, तोही ओळखीचा. बोटं साखळीवर टेकलेली आणि इतकी स्थिर, की साखळीची एक कडीही हलत नव्हती. मास्तरांनी हळूहळू नजर वर नेली. आत दिवा लावलेला नव्हता; आंधळ्याच्या घरात त्याची आठवण कोणाला राहणार? त्या अंधारात, वर, जिथे चेहरा असायला हवा तिथे, काहीतरी किंचित वाकलं. तिरक्या छताखालून उठताना मान वाकवावी तसं.

मास्तरांनी लगेच नजर खाली केली.

दार लागलं. आपटलं नाही, आजारी माणसाच्या खोलीचं दार लावावं तसं अलगद लागलं. मग कडी.

“कोण होतं रे?” अप्पांनी विचारलं.

“कोणी नाही, अप्पा,” आतला आवाज म्हणाला. “सांगा, मग आगीचं काय झालं?”

पलंग करकरला. अप्पा सांगू लागले. मास्तर दाराला कान लावून उभे राहिले. शब्द कळत नव्हते, नुसता सूर येत होता. हसण्याचा, मग पुन्हा सांगण्याचा.

जिन्यातला दिवा विझला. मास्तरांनी हात हलवला. मग पाय आपटला, मग दोन्ही हात डोक्यावर धरून जोरजोरात हलवले.

दिवा लागला नाही.